सोमवारची कळसूबाई

सहा महिने मी एकच गोष्ट सांगत होते. हळू सांगितली, ओरडून सांगितली, एकदा तर स्टुलावर उभी राहून सांगितली. "ती चरबी माझी न्हाई!" पण चौथी शिकलेल्या बाईचं ऐकतो कोण? समोर बसलेले सगळे कॉलेज संपवून परत कॉलेजातच राहिलेले. त्यांनी माना डोलवल्या, हो हो म्हणाले, आणि रजिस्टरमध्ये माझंच नाव लिहिलं.

आता सगळं निस्तरल्यावर हेच लोक म्हणतात, "मावशी, लिहून काढा ना हे किस्से!" काढते. आमच्या लॅबमध्ये मी धुळीचा कण राहू देत नाही, पण किस्से कितीही पुसले तरी कोपऱ्यात साचतातच. आणि माझं एक आहे, कोपरा दिसला की मी फडकं घालतेच.

तर मी मंदाकिनी सोपान भापकर. माहेर श्रीगोंद्याकडचं, आता नगरला. इथल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये काचसामान धुते. लॅबमध्ये आम्ही चौघंच. हेड म्हणजे गर्गे सर. मशीन सांभाळणारे बबनराव. पीएच.डी. करणारी ऋतुजा. आणि मी. चौघांत सगळ्यात जास्त शिकलेल्या माणसाचा आवाज सगळ्यात मोठा, असं सरांना वाटतं. बाकी तिघांना विचारा.

* * *

पहिल्या दिवशी मी ऋतुजाला विचारलं, "पोरी, ह्या डब्यात हाय काय?"

"समुद्राच्या तळाचा गाळ, मावशी."

"आन् त्याचं काय करायचं?"

"त्यातली चरबी काढायची. आणि त्या चरबीतला हायड्रोजन मोजायचा."

मी पदर खोचला आणि म्हटलं, आता नीट सांग, न्हाईतर मी बाटल्या धुवायची न्हाई.

मग पोरीनं सांगितलं. पाण्यात हायड्रोजन असतो. बहुतेक हलका, एखादाच जड. समुद्रातलं शेवाळ त्या पाण्यातून आपली चरबी बनवतं, तेव्हा हलका जास्त उचलतं आणि जड मागं ठेवतं. हा उचलायचा हिशोब प्रत्येक जीवाचा वेगळा. शेवाळ मरतं, तळाशी जाऊन बसतं, त्याचा गाळ होतो. पण चरबी हजारो वर्षं त्या पाण्याची खूण धरून राहते. चरबीतला हलका-जड मोजला की ती कोणाची आणि कसल्या पाण्यातली, याचा माग लागतो.

मी म्हटलं, "एवढंच व्हय! उसाचं वाढं खाल्लेल्या म्हशीचं तूप आन् कडबा खाल्लेल्या म्हशीचं तूप, मी डोळे मिटून वासावर सांगते. तुमी समुद्राच्या म्हशी वळखता."

मागं गर्गे सर उभे होते. म्हणाले, "हे समजावायला मला वर्गात दोन तास लागतात!"

मी म्हटलं, "म्हणून तर पोरं झोपत्यात, सर."

* * *

एकदा कमिटी आली. सुटाबुटातली तीन माणसं. त्यातले एक साहेब फ्रीजमधले डबे बघून हसायलाच लागले. "गर्गे, अहो नगरला समुद्र कुठाय? बंदर सोडा, बारमाही नदी तरी आहे का तुम्हाला?"

सरांनी खडू घेतला. फळ्यावर समुद्र काढला, ढग काढला, ढगातून पाऊस काढला. वीस मिनिटं झाली. साहेब घड्याळ बघायला लागले. सर आता दुसरा ढग काढणार, तेवढ्यात मी चहा ठेवता ठेवता म्हटलं, "साहेब, नगरला सोन्याची खाण तरी कुठाय? पर सराफ बाजार चालतोच की!"

साहेब जे हसले ते चहा संपेपर्यंत हसत होते. आमच्या लॅबला पुढच्या तीन वर्षांची मंजुरी मिळाली.

सर नंतर म्हणाले, "माझा दुसरा ढग त्यांना पटला."

* * *

गाळाबरोबर कधी समुद्रातले जीवही येतात. कधी शेवाळ, कधी शिंपले. एकदा कोकणातून बांगडे आले. डझनभर! त्यांची चरबी तपासायची होती. पार्सल वाटेत दोन दिवस अडकलं, बर्फाचं पाणी झालं, आणि खोका उघडला तेव्हा लॅबच काय, खालच्या मजल्यावरचं मराठीचं डिपार्टमेंट वर आलं.

गर्गे सरांच्या घरी अंडंसुद्धा जात नाही. नाक चिमटीत धरून त्यांनी लांबूनच विचारलं, "हे जिवंत आहे का?"

बबनराव म्हणाले, "हुतं, सर. चार दिवसांमागं."

ऋतुजानं प्रत्येक बांगड्याच्या शेपटीला चिठ्ठी बांधली. तरी कामाला लागले चारच. उरलेले आठ सरांनी बबनरावांना कॉलेजमागं पुरायला सांगितले. बबनराव पिशवी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी बबनरावांची बायको लॅबच्या दारात हजर. सरांना नमस्कार करून म्हणाली, "सर, कालचे बांगडे मी दोनदा धुतले तरी वास गेला न्हाई, म्हणून टाकून दिले. पर यांनी बाजारातनं आणले म्हणत्यात, आन् शेपटीला 'नमुना क्रमांक नऊ' लिवलंय. हा कोणता बाजार?"

सरांनी त्याच दिवशी भिंतीवर नियम लावला. "नमुने खाऊ नयेत." आमच्या लॅबचा तो अकरावा नियम. नियम काढण्यात सरांचा हात कुणी धरणार नाही.

* * *

आता मुख्य गोष्टीकडं येते.

आमच्या कामात सगळ्यात अवघड असतो 'कोरा' नमुना. म्हणजे गाळ घालायचाच नाही, बाकी सगळं जसंच्या तसं करायचं. मी बाटल्या धुवायच्या, चांदीच्या कागदात गुंडाळून साडेचारशे डिग्रीच्या भट्टीत भाजायच्या. मग ऋतुजानं त्यात द्रावण ओतायचं, आणि सिलिंडरच्या नायट्रोजनची फुंकर मारून ते उडवून टाकायचं. शेवटी बबनरावांनी मशीनवर लावायचं. आणि मशीनवर काय दिसलं पाहिजे? काहीच नाही! सपाट रेघ! ती दिसली तर आमची भांडी चोख.

मी घरी सांगितलं तर माझी सासू म्हणाली, "चार माणसं आठवडाभर राबता, आन् काय बी निघालं न्हाई म्हणून पेढे खाता?"

पण श्रावण लागला आणि सपाट रेघेवर डोंगर आला. कोऱ्या नमुन्यात चरबी! ऋतुजा अकोल्याकडची, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाची. तिनं त्या डोंगराला नावच ठेवलं, कळसूबाई. रोज सकाळी बबनराव विचारायचे, "आज कळसूबाई किती उंच?"

तिसऱ्या आठवड्यातच माझ्या ध्यानात आलं. सोमवारी कळसूबाई सगळ्यात उंच. मंगळवारी निम्मी. गुरुवारपर्यंत सपाट. आणि सोमवारी परत उभी!

मी सरांना सांगितलं, "सर, हिचं काय हाय ते शनिवार-रविवारात हाय."

सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, चरबीला वार कळत नाही."

आणि चुकांचं रजिस्टर उघडलं. त्यात एक रकाना आहे, 'जबाबदार व्यक्ती'. सरांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, मंदाकिनी सोपान भापकर. कारण, केसाचे तेल.

सरांचाच नियम होता, सातवा. रजिस्टरमध्ये तीनदा नाव आलं की माणूस बदलायचा. माझं एकदा आलं. दिवाळीनंतर परत आलं. दोन झाली.

* * *

केसाच्या तेलाचं सांगते. सर म्हणाले, उद्यापासून तेल बंद. मी बंद केलं. डोक्याला जाळीची टोपी घातली. महिन्यात केसांचा काथ्या झाला, नवरा म्हणाला, "हिला भांडी घासायला दुसरं काय लागत न्हाई." सगळं सोसलं. कळसूबाई मात्र तिळाएवढी खचली नाही.

मग माझं डोकं फिरलं. मी सकाळी नऊ वाजता लॅबच्या दारात साबण आणि बादली घेऊन बसले. जो येईल त्यानं आधी हात दाखवायचे.

ऋतुजाच्या हाताला क्रीम. धू. बबनरावांच्या मिशीला काहीतरी चकचकीत. धुवा. मग सर आले. भांग कसा, लोण्यात काढल्यासारखा!

"सर, डोकं."

"बाई, मी हेड आहे."

"तेलाला हुद्दा कळत न्हाई, सर."

खालच्या मजल्यावरची सगळी मंडळी जिन्यात जमली होती. सरांनी बादलीवर वाकून डोकं धुतलं. दोनदा! पहिल्यांदा मला पटलं नाही.

* * *

बबनराव शिंगणापूरचे. तिथं घरांना दारं नसतात, आणि बबनरावांना ती सवय हाडात मुरलेली. कपाटं उघडी, फ्रीज उघडा, लॅबचं दार सताड उघडं. मी रोज बंद करायची, ते रोज उघडायचे.

एक दिवस सर तापले. "बबनराव, दार लावत जा! धूळ येते!"

"सर, आमच्या गावात दारच न्हाई. कुनाचं काय जात न्हाई."

"अहो, चोराला शनिमहाराज अडवतील. धुळीला कोण अडवणार?"

बबनराव शांतपणे म्हणाले, "धूळ कुठं चोरी करते, सर? ती तर देऊनच जाते!"

सर नवा नियम लिहायला कागद शोधत फिरले. दार तोवर उघडंच होतं.

* * *

खंडेनवमीला बबनरावांनी मशीनसाठी झेंडूचा हार आणला. हत्याराची पूजा कोण चुकवतो? शेतकरी नांगराची करतो, ड्रायव्हर गाडीची करतो. पण सर आडवे आले. झेंडूच्या पाकळीवर मेण असतं, पानावर मेण असतं, ते मशीनला लागलं तर समुद्राच्या चरबीत जमिनीची चरबी मिसळायची. खरं होतं ते. पण सर तेवढ्यावर थांबतात होय? टेबलावर हात आपटून म्हणाले, "लक्षात ठेवा! या खोलीत देव नाही. या खोलीत फक्त पुरावा!"

बबनरावांचा चेहरा एवढासा झाला. शेवटी ऋतुजानं मार्ग काढला. मोबाईलवर मशीनचा फोटो घेतला, छापून आणला, बाहेरच्या व्हरांड्यात खुर्चीवर ठेवला, आणि बबनरावांनी फोटोला हार घातला.

कॉलेजचा शिपाई जिना चढून वर आला, हार घातलेला फोटो बघितला आणि टोपी काढून उभा राहिला. "कधी गेलं?" म्हणाला. "काल तर चालू हुतं!"

* * *

याच सुमाराला मला सोमवारी झाडताना काळे उडीद सापडायला लागले. दोन दाणे, कधी चार. सिलिंडरच्या कोपऱ्यात. हा सिलिंडर म्हणजे नायट्रोजनचा, माणसाच्या उंचीचा, काळ्या मानेचा, साखळीनं भिंतीला बांधलेला.

मी दाणे तळहातावर घेऊन सरांपुढं धरले. "सर, समुद्रात उडीद पिकतो का?"

सर एकदम घाईत. "उंदीर असतील, बाई. उंदीर. पिंजरा लावा."

लावला. त्यात भजं ठेवलं. आठवडाभर भजं तसंच, आणि सोमवारी उडीद हजर. मी म्हटलं, "सर, हा उंदीर भजी खात न्हाई, उडीद आणून ठेवतो. शनिवारचा उपास धरलाय का यानं?"

सर म्हणाले, "बाई, तुम्ही बाटल्यांकडे लक्ष द्या. कळसूबाईवर मी माझे उपाय करतोय."

काय उपाय करत होते देव जाणे. पुढच्याच सोमवारी कळसूबाई दीडपट झाली.

* * *

आता ऋतुजाच्या डब्यात शेवटचा गाळ राहिला होता. चमचाभर. तो जहाजानं कुठल्या खोल समुद्रातून आणलेला, परत मिळायचा नाही. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "हा बिघडला की संपलं. आणि बाई, हा बिघडला तर रजिस्टरमध्ये तिसरी नोंद होईल."

म्हणजे पोरीची चार वर्षं आणि माझी भाकरी, दोन्ही त्या चमच्यात.

ऋतुजा त्या दिवशी मोरीपाशी माझ्याजवळ आली. म्हणाली, "मावशी, तुमची तेलाची बाटली आणा."

मी चिडले. "तू बी माझ्यावर?"

"आणा तर!"

तिनं माझं खोबरेल घेतलं. स्वतःच्या घरचं शेंगदाण्याचं घेतलं. बबनरावांकडून शिंगणापूरचं तेल घेतलं; त्यांच्या भावाचं तिथं पूजेच्या साहित्याचं दुकान आहे, तिळाचं तेल विकतात. या सगळ्यांचे थेंब आणि कळसूबाईचा थेंब बारक्या बाटल्यांत भरून पुण्याच्या मोठ्या मशीनकडं पाठवले, हायड्रोजन मोजायला.

पंधरा दिवसांनी कागद आला. ऋतुजानं वाचून दाखवला. कळसूबाई समुद्राची नाही. खोबऱ्याची तर मुळीच नाही, खोबऱ्याच्या तेलाची साखळीच, म्हणजे चरबीत कणांची जी माळ असते ती, आखूड असते. साखळीही जुळली आणि हलका-जडही जुळला तो एकाच बाटलीशी.

शिंगणापूरच्या!

मी हंबरडाच फोडला. आनंदाचा. "बघा! सहा महिने सांगतेय! माझी न्हाई, माझी न्हाई!"

पण तोवर सगळ्यांच्या माना बबनरावांकडं वळल्या होत्या. सर तर घाईघाईनं रजिस्टर उघडून बसले. "वाटलंच होतं मला. बबनराव, तुमचं पूर्ण नाव सांगा."

बबनराव घामेघूम. "सर, आईच्यान, मी हितं थेंब आणला न्हाई! बाटली घरी आणतो, कुनी मागितली तर देतो. शनिवारी तर मी नगरात नसतोच! भावाच्या दुकानात बसतो. शनिवारी तिथं मान वर करायला सवड न्हाई."

ते खरं होतं. शनिवारी बबनराव शिंगणापुरात हे सगळ्या कॉलेजला ठाऊक. मी उठले आणि रजिस्टरवर हात ठेवला. "न्हाई, सर. लिहायचं न्हाई. सहा महिने माझं चुकीचं लिवलं ते पुरे झालं. पुरावा म्हणत हुता ना? मी आणते पुरावा."

सर म्हणाले, "कुठून?"

"शनिवारातनं."

* * *

शनिवारी लॅबला सुट्टी. किल्ल्या तीनच. एक सरांकडं, एक बबनरावांकडं, एक माझ्याकडं. मी दुपारी बाराला गेले, आतून किल्ली फिरवून दार बंद केलं, कडी लावली नाही, आणि द्रावणांच्या वाफा ओढून घेणाऱ्या धुराच्या कपाटामागं स्टूल टाकून बसले. सोबत भाकरी होती, ती खाल्ली नाही. कोऱ्या लॅबमध्ये खाऊ नये, पाचवा नियम.

एक वाजला. किल्ली फिरली. दार उघडलं.

आधी चपला निघाल्या. दाराबाहेर, नीट जोडीनं. लॅबमध्ये अनवाणी यायचं नाही, दुसरा नियम! मग अनवाणी पावलं सिलिंडरकडं गेली. हातात स्टीलची वाटी. बबनराव शुक्रवारी सिलिंडरचं वरचं मीटर काढून ठेवतात, त्यामुळं तोंड उघडं होतं. त्या काळ्या मानेवरून तेलाची धार लागली. सावकाश, अंगठ्यावरून, रिवाजाप्रमाणं. थोडं मानेवरून ओघळलं, थोडं तोंडात गेलं. मग उडदाचे दाणे. मग हात जोडून पुटपुटणं सुरू झालं. "साडेसातीतून सोडव. तो कोरा नमुना सपाट येऊ दे. बाकी काही मागत नाही."

नंतर प्रदक्षिणा. पण सिलिंडर भिंतीला साखळीनं बांधलेला, फिरायचं कसं? तर स्वतःभोवतीच तीन गिरक्या मारल्या!

मला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबला. पण मी हलले नाही, बोलले नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही. हात जोडलेल्या माणसाला हाक मारवली नाही, एवढं खरं.

तो गेल्यावर मी सिलिंडर धुतला. मानेपासून पायापर्यंत, तीन द्रावणांनी, सरांनीच शिकवलेल्या क्रमानं. तोंडातलं तेल टिपून काढलं. फुंकर बाटलीपर्यंत नेणारी रबराची नळी फाडून बघितली, आत बोट फिरवलं, बोट चकाकलं. सोमवारी पहाटेच बबनरावांना बोलवून घेतलं. "नवीन नळी लावा. मीटर धुवून लावा. का म्हणून विचारू नका."

बबनराव मीटर लावता लावता म्हणाले, "ताई, दर सोमवारी हितं वंगण असायचं. मला वाटायचं तुमीच फडक्यानं पुसता."

"माझ्याबद्दल बी लईजणांनी असंच वाटून घेतलं, बबनराव."

ऋतुजानं कोरा नमुना लावला. चौघंही पडद्यापुढं उभे. रेघ निघाली. निघाली ती निघालीच, वाकडी म्हणून झाली नाही. ऋतुजा किंचाळली, "मावशी! कळसूबाई गेली! पठार!" आणि माझ्या गळ्यातच पडली. मग तिनं तो शेवटचा चमचाभर गाळ काढला. त्याचीही चरबी स्वच्छ निघाली, शेवाळाची शेवाळाला, कुणाचा हात न लागलेली.

गर्गे सरांनी डोळे मिटून घेतले आणि दोन बोटं कपाळाला लावली. मग आमच्याकडं बघून एकदम सरळ झाले. म्हणाले, "छान. झालं गेलं विसरू. रजिस्टर बंद करून टाकू."

"बंद न्हाई," मी म्हटलं. "उघडा."

रजिस्टर उघडलं. दोन ठिकाणी माझं नाव. मी पेन घेतलं. दोन्हीवर आडवी रेघ मारली, पट्टी लावून, सरळ.

"कोण हुतं, ताई?" बबनराव पुढं सरकले. ऋतुजा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. माझं लिहिणं हळू. एक एक अक्षर काढायचं, वर रेघ द्यायची, मग पुढचं. चौथीत गुरुजींनी शिकवलं तसंच अजून. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि रजिस्टर सरांपुढं सरकवलं.

सरांनी चष्मा काढला. पुसला. घातला. वाचलं. परत वाचलं. 

"मंदाताई," सर म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ताई! "आधी 'डॉ.' राहिलंय. तेवढं लावा."

लावलं.

डॉ. मोरेश्वर त्र्यंबक गर्गे.